चिंचेवरचे करकोचे, सातबाऱ्यावरचं पडीक

भिगवणची रील आता पाठ झाली आहे. पहाटेचं धुकं, होडीचं टोक, गळ्यात दुर्बीण अडकवलेला मित्र. मग ड्रोन वर जातो आणि पाण्यावरून पक्ष्यांची गुलाबी रांग उठते. मागे बासरी. कॅप्शनमध्ये तीन गोष्टी हमखास असतात : 'पुण्यापासून फक्त शंभर किलोमीटर', 'महाराष्ट्राचं भरतपूर' आणि 'शहराच्या गजबजाटापासून दूर'. हेच जरा वयानं मोठ्या माणसानं लिहिलं की रविवारच्या पुरवणीतला लेख तयार होतो. तिथे बासरीऐवजी 'निसर्गाच्या कुशीत' असतं, बाकी ऐवज तोच.

टिंगल करायची म्हणून हे लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी चार वाजता उठून कुणी पक्षी बघायला जात असेल तर ते चांगलंच आहे. कुंभारगाव, डिकसळच्या नावाड्यांना त्यातून चार पैसे मिळतात, हेही चांगलं. पण रील हा एक मजकूर आहे. कविता किंवा कथा वाचताना आपण जसं विचारतो की यात काय आहे, काय गाळलंय आणि का गाळलंय, तसं तिलाही विचारायला हवं. ते विचारलं की लक्षात येतं, आपण पक्षी बघायला निघतो तेव्हा खरं तर शांतता शोधायला निघालेलो असतो. जिथे शांतता तिथे निसर्ग, असं आपलं समीकरण झालंय. या समीकरणामुळे इंदापूर-बारामती पट्ट्यातला फार मोठा निसर्ग आपल्याला दिसतच नाही. आणि जो दिसत नाही, तो उद्या नाहीसा झाला तरी कुणाला कळत नाही.

गजबजाट पाण्यातूनच येतो

आधी 'शहरापासून दूर' या दोन शब्दांकडे बघू.

भिगवणचं पाणी हे उजनी धरणाचं मागचं पाणी. धरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, भीमेवर. ते १९८० साली पुरं झालं आणि फुगवटा मागे पार इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरला. या भीमेत मुळा-मुठा येऊन मिळते, इंद्रायणी मिळते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधलं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं, शेवटी इथेच येऊन थांबतं. शहरापासून शंभर किलोमीटर लांब गेलेला माणूस होडीत बसून जे पाणी न्याहाळतो, त्यात त्याच्याच बाथरूमचं पाणी असतं. तो गाडीनं आला, ते नदीनं आलं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट तारखेची. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी आणि त्यातले जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणून या धरणाची बातमी नेहमी 'प्लस' आणि 'मायनस'च्या भाषेत येते. पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं की धरण मायनसमध्ये. सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या पोटात तेव्हा गोळा येतो. पण पाणी मागे सरकत जातं तशी काठावरची चिखलाची सपाटी उघडी पडत जाते, आणि रोहित पक्ष्याला नेमका असा उथळ चिखल लागतो. तो चोच उलटी करून पाणी-चिखल गाळून खातो, खोल पाण्यात त्याचं काम नसतं. म्हणजे एकाची चिंता आणि दुसऱ्याची पंगत बऱ्याचदा एकाच सुमाराला येते. रीलमध्ये पंगत असते, चिंता नसते.

पाणी खाली गेलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं. मग तिथलीही रील होते : 'पाण्यातून प्रकटलेलं मंदिर'. मंदिर प्रकट होत नाही, ते बुडवलेलं आहे. त्याच्याबरोबर घरं, वाडे, विहिरी, मळे बुडाले. नव्या जागी वसलेल्या गावांनी जुनी नावं सोबत नेली. पुढे याच पाण्यावर मासेमारी उभी राहिली, भिगवणचा मासळी बाजार नावाजला, आणि चिलापी हा परदेशातून आलेला मासा इथल्या ताटात घरचा झाला. आज पर्यटकाला 'तो बघा, मोरशराटी' असं सांगणारा नावाडी बऱ्याचदा मासेमारीच्याच घरातला असतो. त्याला पक्षी कुठे बसतो हे ठाऊक असतं, कारण मासा कुठे असतो हे त्याला आधीपासून माहीत आहे. हे ज्ञान रीलमध्ये 'आमचा गाइड' या दोन शब्दांत संपतं.

आणखी एक. रोहितला सर्रास 'सायबेरियाचा पाहुणा' म्हटलं जातं. त्याची भारतातली विणीची मोठी जागा कच्छच्या रणात आहे. हिमालय ओलांडून मध्य आशियातून येणारा पक्षी बघायचाच असेल तर त्याच पाण्यावर पट्टकदंब असतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. पण तो राखाडी असतो, त्यामुळे त्याच्यासाठी ड्रोन उडत नाही.

कचेरीतलं आगार

भिगवणहून सोलापूर रस्त्यानं पुढे गेलं की इंदापूर. मालोजीराजांच्या गढीचं गाव. तालुक्याचं ठिकाण, एसटीचं आगार, बाजार, रसवंत्या, दाखले आणि उतारे काढायला आलेली माणसं. या गावातल्या तहसील कचेरीच्या आवारात जुनी चिंचेची झाडं आहेत, आणि त्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. गावातली माणसं त्यांना नुसतं करकोचे म्हणतात. मीटरभर उंचीचा पक्षी, पिवळी लांब चोच, केशरी चेहरा, छातीवर काळा पट्टा, आणि शेपटीकडे कुणी गुलाल सांडल्यासारखा रंग. तालुक्यातल्याच भादलवाडीच्या तलावातही त्यांची वसाहत आहे.

पक्ष्यांच्या अशा सामूहिक विणीच्या जागेला मराठीत एक देखणा शब्द आहे : सारंगागार. तो रूढ केला मारुती चितमपल्लींनी. गंमत अशी की 'आगार' हा शब्द आपल्याला बसस्टँडमुळे जास्त ओळखीचा. इंदापुरात दोन्ही आगारं आहेत, आणि आवाजाच्या बाबतीत त्यांच्यात फार फरक नाही. मोठ्या चित्रबलाकाला जवळपास आवाजच नसतो, तो चोच वाजवतो. पण पिल्लं भुकेली असली की अखंड कालवा. खाली मोटारसायकलींचे हॉर्न, वर हा कालवा.

आणि वास. चित्रबलाक उथळ पाण्यात चोच अर्धी उघडी ठेवून चालतो, पायानं गाळ ढवळतो आणि चोचीला मासा लागला की मिटतो. तो मासा घरट्यावर आणून पिल्लांपुढे ओकतो. काही मासे खाली पडतात, सडतात. विष्ठेनं पानं, फांद्या, झाडाखाली लावलेल्या गाड्यांच्या सीट पांढऱ्या होतात. भर उन्हात नर किंवा मादी पंख पसरून घरट्यावर छत्रीसारखी उभी राहते, पिल्लांवर सावली धरते. हे दृश्य बघायला तिकीट नाही, होडी नाही. उताऱ्याची वाट बघत झाडाखाली बसलेल्या माणसाला ते फुकट दिसतं.

आता प्रश्न असा की इतके मोठे, इतके देखणे पक्षी तालुक्याच्या गजबजलेल्या गावात घरटं करतात, तर त्यावर आपल्याकडे लिखाण का नाही? बातम्या येतात : 'चित्रबलाकांचं आगमन', 'पिल्लं पडून मृत्युमुखी'. लेख, कथा, कविता मात्र शोधाव्या लागतात. कारण ही जागा आपल्या निसर्गलेखनाच्या साच्यात बसत नाही. साच्यात आधी जंगल लागतं, मग वाट, मग एकटा माणूस, मग शांतता. इथे पहिली पायरीच चुकते. कचेरीत कुणी शांतता शोधायला जात नाही.

जंगलाकडे जाणारी वाट

हा साचा कुठून आला? मराठी निसर्गलेखनाची दोन मोठी नावं घेऊ.

चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, २०२५ मध्ये गेले. वनखात्यातली बरीच नोकरी विदर्भात, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या भागांत. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा' आणि नंतर 'पक्षिकोश' यांनी मराठीला पक्ष्यांची, झाडांची, जंगलातल्या माणसांच्या ज्ञानाची भाषा दिली. दुसरे व्यंकटेश माडगूळकर. 'नागझिरा' आणि 'सत्तांतर' ही त्यांची पुस्तकं जंगलात दिवसचे दिवस बसून पाहिल्याशिवाय लिहिताच आली नसती. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट सांगणाऱ्या 'सत्तांतर'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या दोघांवर माझा आक्षेप नाही. ते जंगलात राहिले आणि जंगलाबद्दल लिहिलं. आक्षेप आपल्या वाचनावर आहे. आपण त्यांच्याकडून बघण्याची शिस्त घ्यायची ती सोडून जागेचा पत्ता घेतला. नागझिरा म्हणजे निसर्ग, मेळघाट म्हणजे निसर्ग, म्हणून घराजवळचा तो निसर्ग नव्हे. त्यांची एकाग्रता आपण 'निवांतपणा' या शब्दात बदलून घेतली. एकाग्रतेला श्रम लागतात. निवांतपणाला रिसॉर्ट पुरतं.

खरं तर याच्या उलट जाणारी परंपरा मराठीत आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने निसर्ग कसा बदलतो हे त्या लिहितात, आणि त्या होत्या मुंबईत राहणाऱ्या, ग्रंथालयात बसून काम करणाऱ्या बाई. बघायला लांब जावं लागत नाही, रोज बघावं लागतं, हे त्या पुस्तकातून शिकता येतं. आपण ते ललित गद्याच्या कप्प्यात ठेवलं आणि त्यातली वाक्यं परीक्षेत रसग्रहणाला दिली.

आणि स्वतः माडगूळकरांचंच 'बनगरवाडी'. १९५५ ची ही कादंबरी माणदेशातल्या धनगरवाडीची. शाळामास्तर म्हणून आलेला कोवळा पोरगा, मेंढरं, उघडा माळ, आभाळाकडे लागलेले डोळे आणि शेवटी दुष्काळात रिकामी होत जाणारी वाडी. माणदेश आणि बारामती-इंदापूर यांच्यामध्ये फार अंतर नाही, पाऊस तसाच बेभरवशाचा, माळही त्याच जातीचा. मराठीत माळावर लिहिलेलं याहून चांगलं काही मला माहीत नाही. तरीही निसर्गलेखनाची यादी करताना आपण 'नागझिरा' लिहितो आणि 'बनगरवाडी' ग्रामीण साहित्यात टाकतो. म्हणजे झाडं असली की निसर्ग, आणि गवत, माती, मेंढरं, माणसं असली की 'ग्रामीण'. ही विभागणी फक्त ग्रंथालयाच्या कपाटात राहिली असती तर चाललं असतं. ती जमिनीवर उतरली आहे.

पडीक हा शब्द

इंदापूरच्या माळाला नावं कशी मिळाली, याला एक जुना इतिहास आहे. इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर पुणे भागात पहिली जी सारा आकारणी केली ती इतकी जाचक ठरली की माणसं जमिनी टाकून निघून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नवी पद्धत आणली : जमीन मोजायची, मातीचा रंग आणि खोली बघून तिची आण्यांत प्रत ठरवायची, आणि तीस वर्षं सारा बदलायचा नाही. ही पद्धत सगळ्यात आधी लागू झाली ती १८३६ साली, इंदापूर तालुक्यात. पुढे ती मुंबई इलाखाभर गेली. आजच्या सातबाऱ्याची मुळं त्या मोजणीत आहेत.

त्या पद्धतीनं शेतकऱ्याला श्वास घ्यायला जागा दिली, हे खरं. पण तिच्यात जमिनीला एकच प्रश्न विचारला जातो : पीक किती येईल? ज्या जमिनीला उत्तर देता येत नाही ती 'पडीक', आणि शेतातला न पिकणारा तुकडा 'पोटखराबा'. पोटखराबा हा शब्द आजही उताऱ्यावर दिसतो. त्याच तुकड्यात चंडोल अंडी घालतो, धाविक उघड्या जमिनीवर बसतो, सापमार गरुड घिरट्या घालतो, खोकड बीळ खणते. उताऱ्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

म्हणजे बघा, ज्या कचेरीत माळाची नोंद 'पडीक' अशी होते, त्याच कचेरीच्या आवारात चित्रबलाक बसलेत. एका जिवंत जागेला आपण मृत म्हणतो, आणि ते लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोक्यावर पिल्लं ओरडताहेत. या विसंगतीवर कुणी कथा लिहिली असती तर 'प्रतीक जरा ठळकच झालंय' असं आपण म्हणालो असतो. पण ते तिथे आहे.

शब्दाचा परिणाम काय होतो? पडीक म्हटलं की ते वापरात आणायची घाई होते. १९८५ साली देशात पडीक जमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळच स्थापन झालं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं एका वर्षात ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं. हेतू चांगलाच. पण झाडं लावायला मोकळी जागा कुठे दिसते? माळावर. खड्डे रांगेत, रोपं रांगेत, त्यांना जगवायला टँकर, आणि सेल्फी. लांबवर बघत राहून लांडगा-कुत्र्यापासून जीव वाचवणाऱ्या चिंकाऱ्याला मोकळी नजर लागते. धाविकाला झाडाच्या सावलीशी देणंघेणं नाही. माळावर रांगेनं झाडं लावणं म्हणजे मासे वाचवायला तळ्यात माती भरण्यासारखं आहे. मात्र आपल्या मनातल्या 'हिरव्या' चित्राला ते पटतं, आणि हे चित्र रंगवण्यात आपल्या साहित्याचा, पाठ्यपुस्तकांचा, कॅलेंडरांचा हात आहे.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. नाव मोरगावच्या गणपतीवरून. १९९७ साली घोषित झालं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांपैकी एक. इथे येणाऱ्यांपैकी बरेच जण 'काहीच नाही ओ तिथे, नुसता माळ' असं म्हणत परततात. त्यांनी पाहिलेलं बरोबर असतं, काढलेला अर्थ तेवढा बरोबर नसतो. नुसता माळ होता म्हणून तर चिंकारा होता.

अलीकडे एक चांगली गोष्ट घडली. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. स्थानिक तरुण मार्गदर्शक, ठरलेल्या वाटा, नोंदणी. 'गवताळ प्रदेश' हा शब्द सरकारी फलकावर, तिकिटावर आला, हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या जागेला तिकीट आहे तिला पडीक म्हणताना जीभ जरा अडखळते. पण सफारी हाही शेवटी एक साचाच आहे. त्यात लांडगा दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर 'बोअर'. ज्या धनगराच्या मेंढ्या लांडगा नेतो आणि जो तरीही त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारतो, तो या सफारीच्या कथेत कुठे बसतो? तो फोटोच्या कडेला असतो, बऱ्याचदा क्रॉप केलेला.

भरतपूर म्हणताना

'महाराष्ट्राचं भरतपूर' ही उपमा आपण कौतुकानं देतो, तर भरतपूरची गोष्टही पुरती ऐकायला हवी.

राजस्थानातलं केवलादेव उद्यान बांध घालून, पाणी आणून तयार झालेलं. पुढे ते राजेरजवाड्यांचं आणि त्यांच्या इंग्रज पाहुण्यांचं बदकं मारण्याचं ठिकाण झालं. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरं चारायला बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. उद्यान शांत झालं. पण म्हशी गेल्या तसं पाण्यातलं गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की चराई पाणथळीला उपकारक होती. माणसं आणि गुरं हटवून मिळवलेली शांतता पक्ष्यांनाच बाधली. उपमा द्यायची तर तिच्यातला हा धडाही घ्यावा लागतो.

दुसरं उदाहरण कर्नाटकातलं. मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेळ्ळूर. गावाच्या नावातला 'कोक्करे' म्हणजे कन्नडमध्ये करकोचा. तिथे चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन गावातल्या घरांशेजारच्या चिंचांवर घरटी करतात. चिंच म्हणजे उत्पन्न. पक्षी बसले की चिंचेचं पीक बुडतं. तरी गावानं झाडं राखली, पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून वापरली, आणि बुडालेल्या चिंचेसाठी वनखातं झाडांच्या मालकांना भरपाई देत आलं. तिथे कुणी गावाला 'शांत राहा' म्हटलं नाही. गावानं वास सहन केला, सरकारनं त्या सहन करण्याची किंमत मान्य केली.

तिसरं तर आणखी मजेचं. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या तळ्यांवर १९६० च्या सुमारापासून जंगली चित्रबलाक आपणहून येऊन घरटी करतात. खाली लोक पिंजऱ्यातले प्राणी बघायला रांग लावतात, वर मोकळे पक्षी संसार करतात. शाळेच्या सहली, शेंगदाणेवाले, रहदारी, कशानंही त्यांचं अडत नाही. त्यांना लागतं ते इतकंच : चारी बाजूंनी पाणी असलेलं किंवा दुसऱ्या कारणानं सुरक्षित झाड, उडत जाता येईल इतक्या अंतरावर उथळ पाणी आणि त्यात मासे, आणि खालच्या प्राण्यांनी झाड न हलवणं.

शांतता ही आपली गरज आहे. ती असण्यात गैर काही नाही, शहरात राहून डोकं उठतंच. पण आपली गरज पक्ष्यांच्या नावावर खपवू नये. इंदापूरच्या चिंचांना शांतता नको आहे. त्यांना हवी आहे कुऱ्हाड न चालण्याची खात्री. नागरी भागातल्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांसाठी 'हेरिटेज ट्री' असा वेगळा दर्जा आला. कायद्यात शब्द आला तरी रस्ता रुंद करताना, इमारत बांधताना, पार्किंगची शेड टाकताना तो आठवायला कुणीतरी लागतं. ज्या झाडाबद्दल गावात गोष्टी आहेत, लेख आहेत, ज्याची कविता शाळेत कुणी म्हटली आहे, ते झाड तोडणं अवघड जातं. साहित्याचा उपयोग काय, या प्रश्नाचं माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही.

मग लिहायचं काय?

तक्रार पुष्कळ झाली. आता मागणी.

पहिली मागणी शब्दांची. 'निसर्गाच्या कुशीत', 'स्वर्गीय', 'मन प्रसन्न' हे काही दिवस बाजूला ठेवू. हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, कवड्या खंड्या, भोवत्या, खोकड. ही नावं कुणीतरी बघून बघून ठेवलेली आहेत. पिवळ्या टोकाच्या काळ्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपके दिसले तेव्हा कुणाला तरी हळदी-कुंकू आठवलं, यातच एक कविता लिहून झाली आहे. कॅप्शनमध्ये नुसतं नाव लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागेल.

दुसरी मागणी आवाजाची. व्हिडिओवरची बासरी काढून टाका. होडीच्या मोटरचा आवाज राहू दे, नावाड्याचं बोलणं राहू दे, दूरच्या हायवेवरचा ट्रकही राहू दे. पक्षी याच आवाजात जगतोय, हे कळू दे. आणि तो ड्रोन खाली घ्या. पाण्यावरून उठणारी ती गुलाबी रांग देखणी दिसते, पण चरणारा थवा घाबरून उडालेला असतो. तुमच्या आठ सेकंदांसाठी त्यांची न्याहारी मोडलेली असते.

तिसरी मागणी लेखकाची. कचेरीबाहेर वर्षानुवर्षं बसणाऱ्या मुद्रांकविक्रेत्याला चित्रबलाक कोणत्या आठवड्यात येतात, यंदा किती उशीर झाला, कोणत्या फांदीवरचं घरटं वादळात पडलं, हे कुणा पाहुण्या पक्षीनिरीक्षकापेक्षा जास्त माहीत असणार. कुंभारगावच्या नावाड्याला पाण्याचा रंग बदलला की काय बदलतं हे माहीत असतं. कडबनवाडीच्या मेंढपाळाला लांडग्याची पिल्लं कुठे आहेत हे माहीत असतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही, हेही. या माणसांच्या घरातली पोरं आज कॉलेजात आहेत, त्यांच्या हातात फोन आहेत. बारामतीच्या वसतिगृहातून शनिवारी घरी इंदापूरला जाणाऱ्या मुलीला निसर्गावर लिहायला नागझिऱ्याला जायची गरज नाही. तिच्या एसटीच्या खिडकीतून ऊस संपून माळ कुठे सुरू होतो, गेल्या वर्षी तो कुठे सुरू होत होता, हे तिला दिसतं. ते तिनं तारखेसकट लिहिलं, तर पन्नास वर्षांनी 'इथे काय होतं' या प्रश्नाला सातबाऱ्याबाहेरचं एक उत्तर सापडेल.

त्या उत्तरात शांतता कमी असेल. वास असेल, भांडणं असतील, बुडालेल्या गावाचं नाव असेल, पुण्याहून वाहत आलेला फेस असेल आणि त्या फेसातून चालत मासा शोधणारा करकोचाही असेल. वाचायला ते तितकंसं निवांत नसेल. पण ते या जागेचं असेल.